ताटाखालचा लाल ठिपका

प्रिय इरा आणि नील,

मागच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत तुमच्या आईने पेणला, प्राजक्तामामीच्या माहेरी, व्हिडिओ कॉल लावला होता. मामी बोलत असताना तिची सई मध्येच फोनसमोर आली आणि म्हणाली, "आमची आजी परत पाठवा." तुम्ही दोघं हसलात. नील म्हणाला, "आजी काय आमच्या फ्रीजमध्ये आहे का?" तुमच्या आईने घाईघाईने फोन बंद केला. त्या दिवसापासून सई तुमच्याशी एक शब्दही बोललेली नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. इरा, तू मला दोनदा विचारलंस आणि दोन्ही वेळा मी विषय बदलला.

आता तुम्ही डिसेंबरात इकडे येणार आहात. ही बातमी कळली तेव्हा सई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तेव्हा मी पेणला जाईन." म्हणून हे आत्ताच लिहिते आहे. तुम्ही येऊन तिचं रिकामं अंथरूण बघावं आणि आपलंच काही चुकलं असं समजावं, हे मला नको आहे. चूक तुमची नव्हती, तिचीही नव्हती.

सईला विचारूनच लिहिते आहे. तिने अट घातली, "खरं लिही. मधलं गाळू नकोस." नंतर विचार करून एक गोष्ट मात्र लिहू नको म्हणाली. ती मी लिहिलेली नाही. मराठी अक्षर लागलं नाही तर आईकडून वाचून घ्या.

निदानाचा दिवस

पावसाळ्यापासून मला खोकला होता. अडुळसा झाला, ज्येष्ठमध झालं, मेडिकलवाल्याने दिलेली दोन औषधं झाली. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं. वहीत तीन रकाने आखून मी रोजचा ताप, रोजचा खोकला आणि दर रविवारचं वजन लिहीत होते. ब्लाउज खांद्यावरून ओघळायला लागले तरी माझी वही मात्र अगदी व्यवस्थित होती. एकतीस वर्षं रोह्याच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. नोंदी नीट ठेवल्या की प्रश्न निम्मा सुटतो, असं मी मुलांना सांगत आले. त्या नोंदी डॉक्टरला दाखवायच्या असतात, हे मला सुचलं नाही.

शेवटी समीरमामा एका सकाळी शिफ्टवरून आला तो कपडेही न बदलता मला दवाखान्यात घेऊन गेला. छातीचा फोटो काढला, लहान डबीत थुंकी घेतली. दोन दिवसांनी डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवलं. डॉक्टर तरुण होते, माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचे.

"आजी, टीबी आहे. सहा महिने गोळ्या नीट घेतल्या की बरा होतो."

"आमच्या घरात कधी कोणाला नव्हता," मी म्हणाले.

"तो घर बघून येत नाही," ते म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता.

समीर हातातली स्कूटरची किल्ली नुसती फिरवत राहिला. मग डॉक्टरांनी घरात कोण कोण असतं ते विचारलं. आठ वर्षांची नात आहे म्हटल्यावर त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. तिची तपासणी करा, तिला आजार होऊ नये म्हणून काही महिने रोज एक गोळी द्यावी लागेल, पहिले काही आठवडे मास्क लावा, खिडक्या उघड्या ठेवा, वेगळ्या खोलीत झोपा. भांड्यांतून, कपड्यांतून हा पसरत नाही. "आणि तिला सांगा," ते शेवटी म्हणाले. "तिच्या भाषेत सांगा. मुलांना आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त कळतं."

मी मान डोलावली. घरी आले, प्राजक्ताची लाल नेलपॉलिश घेतली आणि माझ्या ताटाखाली, वाटीखाली, तांब्याखाली एकेक ठिपका लावला. भांड्यांतून पसरत नाही हे मी तासाभरापूर्वीच ऐकलं होतं. पण लहानपणी माझ्या माहेरच्या घरी माझ्या एका आत्याचं ताट परसदारी वेगळं पालथं घातलेलं मी पाहिलं होतं. तिला काय झालं होतं ते आम्हा मुलांना कोणी सांगितलं नाही. एक दिवस ते ताट तिथे नव्हतं आणि आत्याही नव्हती. साठ वर्षं उलटली, इतकं शिकले-शिकवलं, आणि वेळ आली तेव्हा माझ्या हाताने तेच केलं.

मी रचलेलं खोटं

सई जन्मल्यापासून माझ्याजवळ झोपते. समीरच्या कंपनीत शिफ्ट, प्राजक्ताची शाळा पेणला. ती सकाळच्या गाडीने जाते. त्यामुळे सईची वेणी, डबा, शुद्धलेखन आणि दुपारची झोप हे सगळं माझ्याकडे. दुपारी तीनला औद्योगिक वसाहतीतला शिफ्टचा भोंगा होतो, तो आमच्या घरापर्यंत स्पष्ट ऐकू येतो. त्या भोंग्याला आम्ही दोघी उठतो आणि चहा करतो. तिच्या कपात दूधच जास्त, पण चहा म्हणायचं. सोबत खारी. पावसात वीज गेली, घड्याळ बंद पडलं, तरी आमचा चहा चुकला नाही.

आता या मुलीला काय सांगायचं? समीर म्हणाला, जरा थांबून सांगू. प्राजक्ता काहीच बोलली नाही. मी मात्र एका संध्याकाळी सगळं कागदावर आखलं. सहामाही परीक्षा संपत आली होती. प्राजक्ताने सईला घेऊन माहेरी, पेणला जावं. सुट्टी तिथेच काढावी. सुट्टी संपल्यावर काही आठवडे सईला प्राजक्ताच्याच शाळेत तिसरीच्या वर्गात बसवावं. आणि सईला सांगायचं, आजी इरा-नीलकडे कॅनडाला गेली.

मी तुमच्याकडे एकदा येऊन गेले होते, त्यामुळे ते तिला पटण्यासारखं होतं. तुम्हाला काय सांगितलं ते आठवतंय? आजीचा कॅमेरा बिघडलाय. तोही बिघडला नव्हता. माझा चेहरा बिघडला होता.

सईला तपासायला नेलं तेव्हा शाळेची तपासणी म्हणून सांगितलं. तपासणीत काही निघालं नाही. रोजची गोळी सुरू झाली ती "ताकदीची गोळी" म्हणून. आणि मी तिच्यासाठी आवाजाचे निरोप रेकॉर्ड करायला लागले. आधी कागदावर लिहायचे, खोकल्याची उबळ येऊन गेली की पटकन बोलायचे. "सई बाळा, काल इथे पहिला बर्फ पडला. नीलने बर्फाचा माणूस केला, त्याला माझा मफलर घातला." मफलर, बर्फ, खिडकीवरची वाफ, सगळं मागच्या खेपेचं. असे नऊ निरोप मी पाठवले. तुमच्याकडे किती वाजले असतील ते मोजून त्या वेळेला पाठवायचे. इतकी काळजी मी घेतली.

नवव्या निरोपात भोंगा आला. मला तो ऐकूच आला नाही. ज्या आवाजाला इतकी वर्षं उठते आहे, तो कानाला वेगळा लागतच नव्हता.

सईने तो निरोप दोनदा ऐकला आणि प्राजक्ताला विचारलं, "कॅनडात पण तीनचा भोंगा होतो?"

"गाडीचा हॉर्न असेल," प्राजक्ता म्हणाली.

दोन दिवसांनी तुमचा व्हिडिओ कॉल आला. तिने तुम्हाला विचारायचं तेच विचारलं, फक्त प्रश्न म्हणून नाही. तुमच्या हसण्यावरून तिला दोन गोष्टी कळल्या. एक, आजी तिथे नाही. दुसरी तिने स्वतःच लावली: हे सगळ्यांना माहीत आहे, मला सोडून.

मिटलेलं तोंड

त्यानंतर सईने बोलणं बंद केलं. हट्ट नाही, रडणं नाही. विचारलं तर मान हलवायची. वेणी कोणाला घालू देईना. स्वतःच केस बांधायची, ते एका कानाकडे कललेले असायचे. लाडूंना हात लावला नाही. आणि तिने गोळी घेणं सोडलं. तोंडात घालायची आणि मोरीत जाऊन थुंकायची. दुसऱ्या दिवसापासून तर ओठच उघडेना.

इथे मला खरी भीती वाटली. माझ्या आजाराची इतकी वाटली नव्हती. माझ्या गोळ्या मी घेत होते, ताप उतरला होता, लघवी नारिंगी होते हे पाहूनही मी आता दचकत नव्हते. पण जी मुलगी आठ वर्षं माझ्या कुशीत झोपली, महिनोन्‌महिने माझा खोकला जिच्या उशाशी होता, ती आपली गोळी थुंकत होती. कारण ती गोळी देणाऱ्या कोणावरच तिचा विश्वास नव्हता.

पाचव्या दिवशी प्राजक्ताचा फोन आला. "आई, आज पण घेतली नाही. आमची आई म्हणते, दुधात कुटून घाल."

"घालून बघ," मी म्हणाले.

प्राजक्ता म्हणाली, "म्हणजे अजून एक फसवणूक. ही सगळी कल्पना तुमची होती, आई. मी तेव्हा बोलले नाही, ही माझी चूक."

मी फोन ठेवला. सुनेने मला असं कधी सुनावलं नव्हतं, आणि तिचं बरोबर होतं. समीर घरात होता, त्याने ऐकलं. तो म्हणाला, "तू चिडू नकोस तिच्यावर." मी म्हणाले, "मी चिडलेली नाही. मला खुर्ची दे."

त्या दुपारी मला माझ्या वर्गातली एक मुलगी आठवली. सातवीत होती. अचानक वर्गात खिडकीबाहेर बघत बसायला लागली, उत्तरं देईना. तिच्या प्रगतिपुस्तकात मी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, लक्ष नसते. तिची आई कुठल्याशा इस्पितळात होती, हे मला वर्ष संपल्यावर कळलं. तिला ते कोणी, केव्हा सांगितलं होतं की नव्हतंच, हे विचारायचं माझ्या मनातही आलं नाही.

हिराबाई

पेणच्या घरी हिराबाई धुणंभांडी करते. ती धरमतर खाडीच्या बाजूच्या गावची. तरुणपण सगळं मिठागरात गेलं. पायाच्या टाचा अजून तशाच भेगाळलेल्या आहेत. पुढचं सगळं मला प्राजक्ताने सांगितलं आणि सईने दुरुस्त केलं.

सकाळी हिराबाई मागच्या दारी भांडी घासत होती. सई पायरीवर बसलेली. प्राजक्ता हातात गोळी आणि पेला घेऊन दारात उभी.

"काय गो बाय, तोंडाला कुलूप घातलंस?" हिराबाई म्हणाली. "मिठागरावर आमी असं तोंड मिटायचो. वारा सुटला ना, तोंड उघडलं की मीठच मीठ."

सई म्हणाली, "सगळे खोटं बोलतात."

"व्हय, बोलतात."

मोठ्या माणसाने हे कबूल केलेलं सईने पहिल्यांदाच ऐकलं. तिने विचारलं, "माझी आजी कुठे आहे?"

हिराबाईने दाराकडे बघितलं. "बाई, तुमी सांगता का मी सांगू?"

प्राजक्ताला रडू येत होतं. हिराबाईने हात धुतले, पदराला पुसले आणि सईसमोर बसली.

"घरीच हाय तुजी आजी. तिला खोकल्याची बिमारी झाली. टीबी म्हनतात. माज्या नवऱ्याला पन झालती."

"मग ते मेले?"

"मरतोय कशाला? सकाळीच माज्याशी भांडून डबा घेऊन गेला. सहा म्हयने गोळ्या खाल्ल्या, बरा झाला. आता बिडीसाठी पैसं मागतो."

"आजी मरणार नाही?"

"गोळ्या खाते का?"

सईने आईकडे पाहिलं. प्राजक्ता म्हणाली, "रोज खाते. आठ वाजता."

"मग नाय मरत. आन ही तुजी गोळी. आजीची बिमारी तुला होऊ नाय म्हनून. ताकदीची-बिकदीची नाय."

सई गोळीकडे बघत राहिली. मग तिने जे विचारलं ते ऐकून प्राजक्ता तिच्याशेजारी पायरीवर येऊन बसली. "माझ्यामुळे झाला का? मी आजीच्या तांब्याला तोंड लावून पाणी प्यायले होते. सर्दी होती तेव्हा. आजी म्हणाली होती, नको लावूस."

म्हणजे एवढे दिवस ती मुलगी काय घेऊन बसली होती ते बघा. आजी निघून गेली, न सांगता गेली, आणि ती माझ्यामुळे गेली. आम्ही तिला काही सांगितलं नाही म्हणून तिला काही कळलं नाही, असं आम्ही समजत होतो. तिने रिकामी जागा स्वतःच भरून काढली होती, आणि भरायला तिच्याकडे एवढंच होतं.

"उलटं हाय गो," हिराबाई म्हणाली. "आजीचं तुला लागू नाय म्हनून ही पळापळ. तुजं आजीला काय लागलं नाय. तुजी माया लागली असंल, तेवढीच."

सईने पेला घेतला, गोळी गिळली आणि तोंड उघडून हिराबाईला दाखवलं. आईला नाही. हिराबाईला.

निडीच्या पुढे

पेणच्या विहीणबाईंना दोघींनी रोह्याला परतणं पसंत नव्हतं. "एवढे दिवस काढले, अजून महिना काढा. शाळेत कुणाला कळलं तर?" त्यांची भीती खोटी नव्हती, प्राजक्ताला त्याच शाळेत रोज जायचं होतं. पण प्राजक्ता म्हणाली, "कळू दे." समीरने डॉक्टरांना विचारलं. मला उपचार सुरू होऊन पाच आठवडे झाले होते, थुंकी पुन्हा तपासून झाली होती. धोका नाही, खुशाल येऊ द्या, असं ते म्हणाले. वर म्हणाले, "मी तर तिला पाठवायलाच सांगितलं नव्हतं."

रविवारी त्या निघाल्या. सईने हिराबाईचा हात सोडला नाही, म्हणून हिराबाईही कामं टाकून गाडीत बसली. नागोठण्यापर्यंत सई गप्प. निडी स्टेशन गेलं, आता पुढचं रोहाच, तेव्हा तिने आईला विचारलं, "बाबा पण खोटं बोलले?"

"हो. मी पण बोलले."

"आता?"

"आता नाही बोलणार."

"आजी?"

"ते तू आजीला विचार," प्राजक्ता म्हणाली.

मी सकाळपासून तयारी करत होते. कागदावर मुद्दे काढले होते: आजार म्हणजे काय, मी का लपवलं, यापुढे काय करायचं. मास्क लावून पायरीवर बसले. रिक्षा थांबली, फाटक वाजलं. ती धावत येईल असं मला वाटलं होतं. ती फाटकातच उभी राहिली. केस कललेले, हातात हिराबाईचा हात.

"तू कॅनडात नव्हतीस," ती म्हणाली.

"नव्हते."

"मग बर्फ?"

"मागच्या वेळचा. आठवून सांगितला."

"मफलर?"

"तोही मागचाच."

मी कागद घडी करून पदराखाली ठेवला. त्यातलं एकही वाक्य उपयोगाचं नव्हतं. "सई, मी चुकले," मी म्हणाले. "तुला सांगायला हवं होतं. तू घाबरशील म्हणून सांगितलं नाही असं मी म्हणत होते, पण घाबरले मी होते."

ती जवळ आली नाही. अंगणात चिकूखाली जाऊन बसली, माझ्याकडे पाठ करून. हिराबाई मला म्हणाली, "बसू दे. घरात तर आली." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "लय वाळलाव तुमी, बाई. सुकट खाता का?" मी खात नाही म्हटल्यावर तिने समीरला अंडी आणायला सांगितलं.

तीनला भोंगा झाला. चिकूखालून आवाज आला, "चहा कोण टाकणार?"

प्राजक्ताने टाकला. सई तो पाठ फिरवूनच प्यायली.

आठ वाजता

पुढे रोज सकाळी आठला आम्ही दोघी गोळ्या घ्यायला अंगणात बसू लागलो. मी पायरीवर, ती चिकूखाली. माझ्या मूठभर, तिची एक. ती "एक, दोन, तीन" म्हणायची आणि दोघी एकदम गिळायचो. सुरुवातीला आठवडाभर पाठ तशीच होती. मग ती तिरकी बसायला लागली. मग एके दिवशी समोर. केस सोडून वेणीसाठी माझ्यापुढे येऊन बसली तो दिवस मी वहीत लिहून ठेवला आहे, वजनाच्या रकान्यात.

तिने एक नियमही केला. रोज तिने तीन प्रश्न विचारायचे आणि मी खरी उत्तरं द्यायची. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं. तुला दुखतं का? कधी कधी, बरगडीत. तू पुन्हा आजारी पडशील का? माहीत नाही. आत्याचं ताट कोणी नेलं? तेही माहीत नाही, आणि विचारायला आता कोणी उरलेलं नाही.

आजार शेजारीपाजारी कळेल म्हणून मी जीव मुठीत धरून होते. एक दिवस पाटीलवहिनी कुंपणावर दुधाची पिशवी ठेवता ठेवता म्हणाल्या, "किती महिने राहिले गोळ्यांचे?" मी पिशवी उचलली. त्या म्हणाल्या, "अहो, आमच्या सासऱ्यांना होता. तुमच्या खोकल्यावरनं मी गणपतीतच ओळखलं होतं. तुम्ही वहीत लिहिण्यात गुंग, कोण बोलणार तुम्हाला?" म्हणजे ज्यांच्यापासून लपवायचं त्यांना ठाऊक होतं, आणि जिला सांगायचं तीच अंधारात होती.

सगळं इतकं सोपं झालं असं समजू नका. एका मैत्रिणीने सईला आपल्या वाढदिवसाला बोलावलं नाही. समीरचा एक सहकारी चहा न घेता दारातूनच परतायचा. सईला वाढदिवसाचं फार लागलं. पण ती आता येऊन सांगायची आणि मोठ्याने रडायची. रडण्याचा आवाज घरात परत आला, त्याचंही मला बरं वाटायचं.

पोपटी

माघात वालाच्या शेंगा भरल्या तशी समीरने मागच्या मोकळ्या प्लॉटवर पोपटी लावली. इरा, तू लहान असताना एकदा खाल्ली आहेस: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मीठ, ओवा, मडकं पालथं घालून भोवती जाळ. पाटीलवहिनींच्या घरचे आले, हिराबाई नवऱ्याला घेऊन आली. तो खरंच भांडकुदळ निघाला. मडकं नीट लागलं नाही म्हणून समीरशी तासभर वाद घालत होता आणि खाताना सगळ्यात जास्त शेंगा त्यानेच खाल्ल्या.

केळीच्या पानांवर ढीग ओतला आणि सगळे भोवती बसले. मी माझं ताट घेऊन जरा बाजूला बसले. धोका कधीच संपला होता, हे मला माहीत होतं. पण सवय. सईने ते पाहिलं. ती उठली, माझ्या हातातलं ताट घेतलं, उलटं केलं, खालचा लाल ठिपका बघितला.

"हा कशाला?"

"माझं ताट ओळखू यावं म्हणून."

"डॉक्टरांनी सांगितलं होतं?"

"नाही."

तिने ताट तिथेच गवतात ठेवलं, एक गरम शेंग सोलली आणि दाणे माझ्या तळहातावर ठेवले.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. प्राजक्ता कपाट उघडून म्हणाली, "माझी नेलपॉलिश संपवली कोणी?" सईने स्वयंपाकघरातली सगळी ताटं खाली काढून जमिनीवर पालथी मांडली होती. प्रत्येकाखाली लाल ठिपका. ओला होता म्हणून कोणाला हात लावू देत नव्हती. मला म्हणाली, "आता ओळखून दाखव."

मला ओळखता आलं नाही.

आता

माझे सहा महिने संपले, सईची गोळीही थांबली. छातीच्या फोटोत एक व्रण आहे, तो राहील. चढण चढताना मी दोनदा थांबते. सई चौथीत आहे, केस सरळ आहेत, तीन प्रश्नांचा नियम चालू आहे.

परवा तिच्या तीन प्रश्नांनंतर मी तिला एक विचारला: इरा-नीलवर अजून राग आहे का? ती म्हणाली, "राग नाही. पण मी तसं म्हणाले आणि ते हसले. आता ते आले की त्यांना ते आठवेल." तिला लाज वाटते, एवढंच आहे. त्या वेळी तुम्हाला काहीच माहीत नव्हतं, हे मी तिला सांगितलं. आता तुम्हाला सगळं माहीत आहे, हेही ती जाणते. पुढचं तुम्ही तिघांनी बघायचं. मी मध्ये पडणार नाही; माझ्या मध्ये पडण्याने काय होतं ते वर लिहिलंच आहे.

हे पत्र तुमच्या आईला कोणाला दाखवावंसं वाटलं, ज्यांच्या घरी आजारपण आहे आणि लहान मूलही आहे, तर माझी हरकत नाही.

तुम्हा दोघांच्या बारशाला नाव कोरून घेतलेली ताटं मांडणीच्या वरच्या फळीवर असतात. त्या शनिवारी सईने स्टुलावर चढून तीही खाली काढली होती. बाकीच्या ताटांखालचे ठिपके रोजच्या घासण्याने पुसट झाले, काही गेलेच. तुमची दोन ताटं वापरात नाहीत. त्यांच्याखालचे ठिपके अजून लाल आहेत.

तुमची आजी